पूर्वजभूमि आणि जन्मभूमि

देशाला मुकलेला समाज आपला देश कशांत सांभाळून ठेवितो, हा प्रश्न जुना आहे. ख्रिस्तपूर्व ५८६ मध्यें जेरुसलेमचें देवालय पडलें आणि यहुदी लोकांस बाबिलोनला नेण्यांत आलें. ५३८ च्या सुमारास इराणच्या कुरुश राजानें त्यांस परतण्याची मुभा दिली. पुन्हां उभारलेलें देवालय रोमनांनीं इ. स. ७० मध्यें जाळलें. त्यानंतर सुमारें एकोणीस शतकें तें देवालय केवळ प्रार्थनेंत उभें राहिलें. या कथेचा एक अध्याय आपल्या मराठी मुलखांत घडलेला आहे, याचें वाचकांस स्मरण देणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

आजच्या रायगड जिल्ह्यांत, अलिबागेजवळील नवगांवच्या किनाऱ्यापाशीं एक जहाज फुटलें व त्यांतून सात पुरुष आणि सात स्त्रिया वांचल्या, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा आहे. पुढें हिब्रू भाषा विसरली. परंतु शनिवारीं घाणा बंद ठेवण्याचा नेम सुटला नाहीं. म्हणून शेजारीपाजारी त्यांस 'शनवार तेली' म्हणूं लागले. सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि 'शेमा' ही प्रार्थना, एवढीच काय ती शिदोरी उरली होती. आडनांवें पडलीं तीं मात्र कोंकणांतल्या गांवांवरून : केहीमकर, पेणकर, दिवेकर, रोहेकर. समाजाच्या नांवांत पूर्वजभूमि राहिली, घराच्या नांवांत जन्मभूमि.

१७९६ मध्यें सामाजी हसाजी दिवेकर यांनीं मुंबईंत या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधिलें. पुढच्या शतकांत हिब्रू प्रार्थनांचीं मराठी भाषांतरें झालीं. इतकेंच नव्हे, तर यहुदी धर्मकथा कीर्तनाच्या रूपानें गाइल्या जाऊं लागल्या. १८९७ त बाझल येथील पहिल्या झायनवादी परिषदेचें आमंत्रण आलें, तें या समाजानें नाकारिलें. ईश्वराचा हात नेईल तेव्हांच परतावयाचें, ही त्यांची श्रद्धा होती.

१९४८ त इस्रायलचें राज्य स्थापन झालें. तेव्हां भारतांत सुमारें वीस हजार बेने इस्रायल होते. त्यांना येथून कोणीं हांकून लाविलें नाहीं. तरीही पुढील कांहीं दशकांत बहुतेक कुटुंबें निघून गेलीं. तेथें मनाजोगें स्वागत झालें नाहीं म्हणून १९५२ त कांहीं मंडळी भारतांत परतली. १९६२ त तर तेथील मुख्य रब्बींनीं आदेश काढिला कीं, बेने इस्रायलांचा विवाह लावण्यापूर्वीं त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. ज्यांनीं ग्रंथावांचून आणि गुरूवांचून शनिवार पाळला, त्यांच्याकडेच यहुदीपणाचा दाखला मागितला गेला! त्यांनीं धरणें धरिलें, आणि १९६४ मध्यें त्या आदेशांतून त्यांचें नांव वगळावें लागलें. पूर्वजांची भूमि मिळाली, म्हणजे घर मिळालेंच असें नव्हे, हें या प्रकरणानें दाखविलें.

पवित्र भूमि आणि राहतें घर हीं दोन निराळीं असूं शकतात, हें नांदेड-लातूरकडील वाचकांस सांगावयास नको. पाटण्यास जन्मलेल्या गुरु गोविंदसिंगांनीं १७०८ मध्यें गोदातीरीं नांदेड येथें देह ठेविला. तेव्हांपासून पंजाबांतील शीख आपलें गांव न सोडतांही नांदेडला आपलें मानीत आले आहेत. भूमीला पावित्र्य येतें तें स्मरणानें. तिच्यावर वस्ती करणें ही निराळी गोष्ट होय.

बेने इस्रायलांच्या बाबतींत त्या स्मरणाची दिशा आतां पालटली आहे. आज भारतांत हा समाज कांहीं हजारांवर आला आहे, आणि इस्रायलांत त्याहून कितीतरी अधिक आहे. तेथें 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिक निघालें. एलियाहू पैगंबराच्या नांवानें पोहे, गूळ, खोबरें यांचा मलिदा करण्याचा कोंकणांतील विधि तेथेंही चालतो. जे कोंकणांत असतां जेरुसलेमचें स्मरण करीत, ते आतां जेरुसलेमच्या देशांत कोंकण सांभाळीत आहेत. यांत कोणा एका भूमीशीं बेइमानी आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. दोन भूमींचें ऋण मानणारा मनुष्य एकीचेंच मानणाऱ्यापेक्षां कमी निष्ठावान् ठरत नाहीं, एवढें जरी आपण या शेजाऱ्यांपासून शिकलों, तरी त्यांचा आपल्यांतील दीर्घ वास सार्थकीं लागला असें म्हणतां येईल.