सामाजिक अनुपालन प्रमाणन संस्थांच्या अधिस्वीकृतीतील विलंब व तक्रार निवारण

कारखान्यांतील श्रमस्थिती तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना प्रमाणन संस्था म्हणतात. या संस्थांनाही वरच्या एका संस्थेकडून मान्यता घ्यावी लागते. या मान्यतेस अधिस्वीकृती असे म्हणतात. अधिस्वीकृतीचा अर्ज दीर्घकाळ निकाली न निघाल्यास प्रमाणन संस्था त्याविरुद्ध तक्रार करू शकते. अशा तक्रारींच्या हाताळणीचे नियम प्रामुख्याने आयएसओ/आयईसी १७०११ या आंतरराष्ट्रीय मानकात आहेत.

महाराष्ट्रात 'अधिस्वीकृती' हा शब्द पत्रकारांना शासनाकडून मिळणाऱ्या पत्रिकेमुळे परिचित आहे. प्रस्तुत संदर्भात मात्र त्याचा अर्थ 'परीक्षकाची परीक्षा' असा घ्यावा लागतो.

== एसए ८००० आणि अधिस्वीकृती ==

या क्षेत्रातील सर्वाधिक परिचित मानक म्हणजे एसए ८०००. सोशल अकाउंटेबिलिटी इंटरनॅशनल या न्यूयॉर्क येथील संस्थेने ते १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. बालमजुरी व सक्तीची मजुरी, आरोग्य व सुरक्षितता, संघटना स्वातंत्र्य, भेदभाव, शिस्तीचे प्रकार, कामाचे तास आणि वेतन हे त्याचे विषय आहेत. आठवड्यास नियमित ४८ तास आणि जादा काम १२ तासांपर्यंत, ही त्यातील मर्यादा प्रसिद्ध आहे. इटली व भारत या देशांत या मानकाची प्रमाणपत्रे मोठ्या संख्येने दिली गेली आहेत.

अधिस्वीकृतीचे काम प्रथम याच संस्थेच्या एका विभागाकडे होते. २००७ मध्ये सोशल अकाउंटेबिलिटी ॲक्रेडिटेशन सर्व्हिसेस ही स्वतंत्र संस्था नोंदवली गेली. गुणवत्ता किंवा पर्यावरण व्यवस्थापनाच्या क्षेत्रात निरनिराळ्या देशांची अधिस्वीकृती मंडळे उपलब्ध असतात. भारतात भारतीय गुणवत्ता परिषदेच्या अंतर्गत असे मंडळ आहे. एसए ८००० साठी मात्र एकाच दारावर उभे राहावे लागे. त्यामुळे तेथील विलंब अर्जदारास अधिक जाचक ठरत असे, कारण दुसरीकडे जाण्याची सोय नसे.

== विलंबाची कारणे ==

अर्जाची छाननी, कागदपत्रांचे परीक्षण, कार्यालयाची पाहणी, प्रत्यक्ष कारखान्यातील 'विटनेस ऑडिट' आणि शेवटी निर्णय, असा हा प्रवास असतो. विटनेस ऑडिटमध्ये प्रमाणन संस्थेचे लेखापरीक्षक कारखाना तपासतात आणि अधिस्वीकृती संस्थेचे मूल्यांकनकार त्या लेखापरीक्षकांचे काम पाहतात. बहुतेक खोळंबा येथेच होतो. अधिस्वीकृती नसलेल्या संस्थेकडे ग्राहक येण्यास कचरतो, आणि ग्राहक कारखाना नसेल तर विटनेस ऑडिट होत नाही. शिवाय कामगारांशी त्यांच्या भाषेत बोलू शकणारा आणि स्थानिक कामगार कायदा जाणणारा मूल्यांकनकार प्रत्येक वेळी मिळतोच असे नाही. अर्जदाराने त्रुटींची पूर्तता लांबवणे हेही एक कारण असते. तक्रारीत त्याचा उल्लेख सहसा नसतो.

== तक्रार आणि अपील ==

अपील म्हणजे दिलेल्या निर्णयाचा फेरविचार करण्याची विनंती. तक्रार म्हणजे अपिलाव्यतिरिक्त व्यक्त केलेली, उत्तराची अपेक्षा असलेली नाराजी. विलंबाच्या बाबतीत हा भेद महत्त्वाचा ठरतो. निर्णयच झालेला नसेल तर अपील करणार कशावर? म्हणून प्रलंबित अर्जदारास तक्रारीचाच मार्ग उरतो. अधिस्वीकृती नाकारली गेली, की पुढे अपिलाचा मार्ग खुला होतो.

१७०११ या मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीनुसार अर्ज स्वीकारताना संस्थेने मूल्यांकन वेळेत करण्याची आपली क्षमता तपासावी आणि ते शक्य नसल्यास अर्जदारास कळवावे. निर्णयही अवाजवी विलंबाविना घ्यावा. मात्र 'अवाजवी' म्हणजे किती दिवस, हे मानक सांगत नाही. संदिग्धतेचे मूळ येथे आहे.

तक्रार आल्यावर पोच देणे, ती आपल्या कामाशी संबंधित आहे की नाही हे ठरवणे, प्रगती व निष्कर्ष कळवणे ही कर्तव्ये ठरलेली आहेत. ज्याच्या कामाविषयी तक्रार आहे त्याने त्या तक्रारीचा निर्णय करू नये आणि तक्रार केली म्हणून अर्जदारास दुजाभावाची वागणूक मिळू नये, असेही बंधन आहे. तपास करणाऱ्यास प्रथम अर्जाचा कालक्रम मांडावा लागतो: कोणत्या तारखेस फाइल कोणाकडे होती आणि उत्तराची वाट कोण पाहत होते. एवढ्यानेच अनेकदा दोष कोणाचा हे स्पष्ट होते. उपाय म्हणून नवे वेळापत्रक देता येते, दुसरा मूल्यांकनकार नेमता येतो. टप्पा वगळून अधिस्वीकृती देणे हा मात्र तक्रारीवरील उपाय होऊ शकत नाही.

== घाईचा धोका ==

११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीतील बल्दिया टाउन भागातील अली एंटरप्रायझेस या कापड कारखान्यास आग लागून २५० हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. खिडक्यांना गज होते व बाहेर पडण्याचे मार्ग बंद होते. या कारखान्यास काही आठवड्यांपूर्वीच, ऑगस्ट २०१२ मध्ये, रीना या इटालियन प्रमाणन संस्थेने एसए ८००० प्रमाणपत्र दिले होते आणि ही संस्था अधिस्वीकृत होती. २०२० मध्ये कराचीतील न्यायालयाने आग हेतुपुरस्सर लावल्याचे ठरवले. परंतु बंद मार्गांचा प्रश्न त्याने सुटत नाही. प्रमाणन संस्थेची परीक्षा पुरेशी कठोर होती का, ही चर्चा या घटनेनंतर जगभर झाली.

या प्रकरणी पाकिस्तानी व युरोपीय संघटनांनी २०१८ मध्ये ओईसीडीच्या इटलीतील राष्ट्रीय संपर्क केंद्राकडे रीनाविरुद्ध तक्रार केली. मध्यस्थीचे काम समझोत्याविना संपले. प्रमाणन संस्थेची तक्रार अर्ज अडल्याची असते. मृत कामगारांच्या नातेवाइकांची तक्रार प्रमाणपत्र सहज मिळाल्याची होती. अधिस्वीकृती संस्थेस या दोन्ही प्रकारच्या तक्रारींची नोंद ठेवावी लागते.