चाफ्यावाचून चाफा

नागपूरच्या धंतोलीतल्या आमच्या जुन्या घरात ताप चढला की कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवीत. परवा त्याच घरात भाच्याने दोन्ही मनगटे माझ्यापुढे धरली. एकावर क्रीड कंपनीचे २०१० सालचे महागडे अत्तर ‘अ‍ॅव्हेंटस’, दुसऱ्यावर त्याची नक्कल मानले जाणारे, दुबईच्या आर्माफचे स्वस्त ‘क्लब द नुई’. किमतीत कित्येक पटींचे अंतर. “ओळखा बरं मामा, ओरिजिनल कोणतं?”

उत्तरासाठी आपण थेट सहाव्या शतकात जाऊ. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीचा, म्हणजे सुगंध बनवण्याच्या कलेचा, एक अध्याय आहे. त्यात चाफ्याच्या वासाचे तेल सांगितले आहे, आणि त्या तेलात चाफाच नाही! मंजिष्ठा, व्याघ्रनख, दालचिनी, कुष्ठ अशा द्रव्यांची पूड तेलात घालून ते उन्हात तापवायचे. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडून, प्रमाणे फिरवून १,७४,७२० गंध होतात, असा हिशेबही त्याने मांडला आहे. ही विद्या मराठीतही उतरली होती : ‘गंधवाद’ नावाच्या ग्रंथाचे जुन्या मराठी टीकेसह हस्तलिखित पुण्याच्या परशुराम कृष्ण गोडे यांनी उजेडात आणले.

युरोपात १७०९ साली योहान मारिया फरिना या इटालियनाने कोलोन शहरात लिंबू-संत्र्याच्या वासाचे पाणी विकायला काढले (नागपूरकराने इथे क्षणभर थांबावे). नकलाकारांची रांग लागली. म्युलहेन्स नावाच्या व्यापाऱ्याने तर दुसऱ्याच एका फरिनाकडून नावाचा हक्क विकत घेतला. पुढे कोर्टाने ते नाव काढून घेतले आणि घराचा क्रमांक ‘४७११’ हाच त्या मालाची ओळख झाला. आमच्या कपाळावरची घडी कोणाच्या नकलेची नक्कल होती, देव जाणे. १८८८ मध्ये स्फोटके शोधता शोधता आल्बर्ट बाउर यांच्या हाती कृत्रिम कस्तुरी लागली आणि मृगाची गरज कमी होऊ लागली. गॅस क्रोमॅटोग्राफी आल्यावर बाटलीतले घटक वेगळे काढून मोजता येऊ लागले. सात डॉलरच्या ‘सेकंड चान्स’ या नकलेने पंचवीस डॉलरच्या ‘शनेल नंबर ५’शी फरक ओळखून दाखवा, अशी जाहिरात केली होती. त्यावरून झालेल्या खटल्यात, पेटंट नसलेल्या वासाची नक्कल करताना मूळ नाव घ्यायला अमेरिकी अपील न्यायालयाने १९६८ साली मुभा दिली. पुढे तपासणीत मात्र ‘दोन्ही सारखीच’ हा दावा टिकला नाही. २००९ मध्ये युरोपीय न्यायालयाने लोरिआलच्या खटल्यात, अमुक बाटली म्हणजे तमुक ब्रँडचा वास, अशा तुलनेच्या याद्यांना चाप लावला. आपला अत्तरवाला अजूनही ‘अ‍ॅव्हेंटस टाइप’ असे बिनदिक्कत सांगतो.

मी मनगटे हुंगली. एकावरचे लिंबू पहिल्यांदा जरा तिखट लागले, म्हणून ते दुबईचे म्हटले. तासाभराने पुन्हा हुंगली, तेव्हा कोणत्या हातावर काय लावले होते, हे भाच्यालाच आठवेना.