इंग्रजीच्या तासाचा प्रारंभ : अमेरिकन माध्यमिक शाळांतील वाचन-लेखनाचा ऐतिहासिक परामर्श

प्रस्तावना :
अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांत इंग्रजीच्या तासाची पहिली दहा-पंधरा मिनिटे मूक वाचनासाठी किंवा वहीतील मुक्त लेखनासाठी राखून ठेवण्याची पद्धत अनेक शिक्षक अवलंबितात. वरकरणी ही वर्ग स्थिरस्थावर करण्याची साधी युक्ती वाटते. परंतु तिच्यामागे सुमारे शंभर वर्षांचा वाद आहे. विद्यार्थ्याने काय वाचावे व कशासाठी लिहावे हे कोणी ठरवावयाचे, आणि त्याने लिहिलेले सर्व शिक्षकाने तपासलेच पाहिजे काय, हे त्या वादातील दोन प्रमुख प्रश्न होत. या प्रश्नांचा कालक्रमाने परामर्श घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

प्रवेशपरीक्षेचे वर्चस्व :
एकोणिसाव्या शतकात अमेरिकन शिक्षणात लॅटिन व ग्रीक या अभिजात भाषांना असलेली प्रतिष्ठा इंग्रजीला नव्हती. चार्ल्स एलियट यांच्या अध्यक्षीय कारकिर्दीत हार्वर्डने १८७४ मध्ये प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंधाचा समावेश केला. निबंधाचा विषय नेमलेल्या ग्रंथांतून दिला जाई. शेक्सपिअरची 'द टेम्पेस्ट' व 'ज्युलियस सीझर' ही नाटके, गोल्डस्मिथची 'द व्हिकार ऑफ वेकफील्ड' व स्कॉटची 'आयव्हॅन्हो' या कादंबऱ्या त्या यादीत होत्या. शुद्धलेखन, विरामचिन्हे व व्याकरण यांचीही त्याच निबंधावरून परीक्षा होई. अशा रीतीने वाचन व लेखन यांची सांगड प्रथम परीक्षेने घातली. मात्र या सांगडीत वाचन यादीपुरते आणि लेखन दोषशोधनापुरते मर्यादित राहिले.

एलियट यांच्याच अध्यक्षतेखाली १८९२ मध्ये 'दहांची समिती' नेमली गेली. तिच्या इंग्रजीविषयक परिषदेने दोन उद्दिष्टे सांगितली : इतरांचे विचार समजून घेऊन स्वतःचे व्यक्त करता येणे, आणि वाचनाची अभिरुची निर्माण होणे. उद्दिष्टे उदार होती. परंतु महाविद्यालयांच्या याद्यांचा प्रभाव कायम राहिला. या प्रभावाविरुद्धच्या असंतोषातूनच १९११ मध्ये इंग्रजी शिक्षकांची राष्ट्रीय परिषद शिकागो येथे स्थापन झाली.

तपासणीचा भार :
परिषदेच्या 'इंग्लिश जर्नल' या नियतकालिकाचा पहिला अंक १९१२ मध्ये निघाला. त्यातील पहिल्याच लेखात एडविन हॉपकिन्स यांनी तत्कालीन परिस्थितीत निबंधलेखन चांगले शिकविणे शक्य आहे काय, असा प्रश्न उपस्थित केला आणि त्याचे उत्तर नकारार्थी दिले. एका शिक्षकाकडे असलेले विद्यार्थी आणि त्यांचे निबंध तपासण्यास लागणारा वेळ यांचा मेळ बसत नाही, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. या अडचणीत एक गृहीतक दडलेले होते. प्रत्येक लिखित ओळीवर शिक्षकाची लेखणी फिरलीच पाहिजे, असे मानले की विद्यार्थ्याच्या लेखनाचे प्रमाण शिक्षकाच्या फुरसतीवर ठरते.

दृष्टिकोनातील परिवर्तन :
हे गृहीतक विसाव्या शतकाच्या सातव्या व आठव्या दशकांत ढळू लागले. १९६६ मध्ये डार्टमथ महाविद्यालयात ब्रिटिश व अमेरिकन भाषाशिक्षणतज्ज्ञांची परिषद भरली. जॉन डिक्सन यांच्या 'ग्रोथ थ्रू इंग्लिश' (१९६७) या ग्रंथाने तेथील विचार मांडला : भाषाशिक्षणाचा केंद्रबिंदू पाठ्यग्रंथ नसून विद्यार्थ्याचा विकास होय. याच सुमारास व्हर्माँट विद्यापीठातील लायमन हंट यांनी अखंड मूक वाचनाचा पुरस्कार केला. ठरावीक वेळी प्रत्येकाने आपल्या आवडीचे पुस्तक वाचावे, शिक्षकानेही वाचावे, आणि त्यावर प्रश्न विचारू नयेत, असे या पद्धतीचे स्वरूप होते.

लेखनाच्या क्षेत्रात जॅनेट एमिग यांचा १९७१ चा अभ्यास महत्त्वाचा ठरला. त्यांनी बारावीच्या आठ विद्यार्थ्यांच्या लेखनप्रक्रियेचे निरीक्षण केले. शाळेने नेमून दिलेल्या लेखनापूर्वी विद्यार्थी फारसा विचार करीत नाहीत आणि नंतर त्यात फारसा बदलही करीत नाहीत. स्वेच्छेने केलेल्या लेखनावर मात्र ते अधिक वेळ घालवितात, असे त्यांना आढळले. पीटर एल्बो यांनी 'रायटिंग विदाउट टीचर्स' (१९७३) मध्ये दहा मिनिटे न थांबता लिहिण्याचा व त्या लेखनाचे मूल्यमापन न करण्याचा सराव सुचविला. हॉपकिन्स यांनी दाखविलेल्या अडचणीतून येथे एक वाट निघाली. जे लेखन तपासावयाचे नाही ते रोज करविता येते.

निष्कर्ष :
हा इतिहास एकरेषीय प्रगतीचा नाही. राष्ट्रीय वाचन मंडळाने २००० मध्ये दिलेल्या अहवालात, केवळ मूक वाचनाने वाचनक्षमता वाढते हे सिद्ध करण्यास उपलब्ध पुरावा अपुरा असल्याचे नमूद केले. अर्थात त्यामुळे ही पद्धत निष्फळ ठरली असे नव्हे. २००५ मध्ये 'सॅट' या प्रवेशपरीक्षेत पंचवीस मिनिटांचा निबंध आला, २०१६ मध्ये तो ऐच्छिक झाला आणि २०२१ मध्ये सर्वसाधारण परीक्षेतून वगळण्यात आला. परीक्षेच्या मागण्या अशा बदलत राहतात. म्हणून वर्गातील वाचन-लेखनाचे समर्थन केवळ परीक्षेच्या आधारे करणे टिकाऊ ठरत नाही. तासाच्या आरंभीची काही मिनिटे विद्यार्थ्याच्या स्वाधीन करणे म्हणजे शिक्षकाने जबाबदारी टाळणे नव्हे. कोणते लेखन तपासावे व कोणते तपासू नये याचा विवेक करणे हाही अध्यापनाचाच भाग होय, आणि मोठ्या पटसंख्येच्या वर्गात तर त्यावाचून विद्यार्थ्याला लिहिते करणे अवघड आहे.