निद्रानाशाचा उपचार घरी कसा आला



मेलबर्न शहरातील पाथरवटांनी १८५६ साली काम बंद ठेवून आठ तासांचा दिवस मिळविला. आठ तास काम, आठ तास करमणूक, आठ तास विश्रांती, अशी त्या चळवळीची वाटणी होती. आमचे आयुष्य कामगारांत गेले असल्यामुळे ही वाटणी आम्हांस पाठ आहे. परंतु विश्रांतीचे तास मिळाले म्हणून डोळ्याला डोळा लागतोच असे नाही. त्या न लागणाऱ्या डोळ्यावर माणसाने काय काय उपाय केले, ते आज पाहावयाचे आहे.

पहिली वाट गोळीची. जर्मनीत १९०३ साली बार्बिटाल निघाले. त्या कुळातील औषधांनी झोप येई. पण सवयही जडे, आणि मात्रा चुकली की माणूस दगावे. पुढे १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे निर्धोक म्हणून विक्रीस आले. गर्भवती स्त्रियांनी ते घेतल्याने हजारो मुले हातापायांची व्यंगे घेऊन जन्मली. १९६१ साली ते तेथील बाजारातून काढून घ्यावे लागले.

दुसरी वाट मानसशास्त्रज्ञांची. अमेरिकेतील रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली सांगितले की, जागरणाची सवय अंथरुणालाच जडते. म्हणून झोप आल्यावाचून आडवे होऊ नये, झोप न लागल्यास उठून दुसऱ्या खोलीत बसावे, आणि सकाळी ठरल्या वेळी उठावे. १९८७ साली आर्थर स्पीलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. आठ तास लोळून साडेपाच तासच झोप लागत असेल, तर अंथरुणावर साडेपाच तासच काढावेत. झोप सलग होऊ लागली की पंधरा पंधरा मिनिटे वाढवावीत. झोप लागली नाही तर उद्याचा दिवस बुडाला, ही धास्तीही झोपेची वैरीण होय. चार्ल्स मोरिन यांच्या १९९३ च्या ग्रंथात या धास्तीची समजूत घालण्याची रीत आणि वरील नियम एकत्र आले.

उपचार चांगला, पण शिकविणारे थोडे! म्हणून तो संगणकावर आला. रोजची झोप नोंदवावयाची, आणि त्या नोंदीवरून पुढचा धडा घ्यावयाचा. २००४ साली स्वीडनमध्ये १०९ जणांवर इंटरनेटद्वारे पाच आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. २०१२ साली कॉलिन एस्पी यांनी १६४ प्रौढांचे तीन गट केले: एकास खरा उपचार, दुसऱ्यास तसाच दिसणारा लुटुपुटीचा, तिसऱ्यास नेहमीचीच देखभाल. खऱ्या उपचाराचा गट स्पष्टपणे सरस ठरला. २०१६ साली अमेरिकेतील वैद्यांच्या महाविद्यालयाने प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी हा वर्तनोपचार सुचविला. २०२२ साली ब्रिटनच्या नाइस या संस्थेने एस्पी यांच्याच ‘स्लीपिओ’ या संगणकीय उपचाराची शिफारस केली.

हा विजय मान्य करूनही आम्हांस दोन शब्द बोलावेसे वाटतात. ज्याच्या बिऱ्हाडाला एकच खोली, त्याने ‘दुसऱ्या खोलीत’ जावे कोठे? आणि पहिल्या काही आठवड्यांत झोप कमी होऊन दिवसा पेंग येते. यंत्रावर हात असलेल्या किंवा गाडी हाकणाऱ्या माणसाने, तसेच फेफऱ्याचा विकार असलेल्याने, वैद्याला विचारल्यावाचून या वाटेस जाऊ नये. पडद्यावरच्या धड्याला त्याची पाळी दिसत नाही.

स्पीलमन यांनीच निद्रानाशाची तीन कारणे सांगितली: मूळचा स्वभाव, एखादा आघात, आणि आघात सरल्यावरही टिकणाऱ्या सवयी. सवयी मोडण्याचे काम हा उपचार उत्तम करतो. पण आघात पुष्कळदा नोकरी गेल्याचा असतो, कर्जाचा असतो, आठवड्याआठवड्याला फिरणाऱ्या रात्रपाळीचा असतो. तो कोणत्याही धड्याने दूर होत नाही. ज्याची झोप उडाली, त्याने धडा अवश्य गिरवावा. त्यात कमीपणा नाही. ज्यांनी ती उडविली, त्यांना जाब विचारण्याचे काम मात्र आपणां सर्वांचे आहे.