तलवारीपासून तंबोऱ्यापर्यंत

१९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बास' ही विजेवर चालणारी बास गिटार बाजारात आणली. तिच्या अंगाचे वरचे शिंग मुद्दाम लांब ठेवले होते, कारण बासची मान लांब असते आणि पट्टा गळ्यात अडकवला की ती खाली झुकते. आजही हाताने बास बनवणारा कारागीर आधी कागदावर असाच आकार मांडतो आणि मग लाकूड कापतो.

आपल्याकडे खर्जाचे वाद्य म्हणजे तंबोरा. त्याचा आकार कागदावर नाही, वेलीवर ठरतो. मिरजेचे कारागीर पंढरपूर-मंगळवेढा भागातले मोठे, कडू भोपळे आणतात. भोपळा भिजवून मऊ करायचा, आतला गर काढायचा, काड्यांचा ताण देऊन तोंड हवे तेवढे रुंद करायचे आणि वाळवायचे. त्यावर तुणाच्या लाकडाची तबली बसते. मर्दानी तंबोऱ्याला मोठा भोपळा, जनानीला लहान. भोपळाच वाकडा निघाला, तर कारागिराने करावे काय? म्हणून निवडीतच अर्धी कारागिरी संपते.

हे हात आले कुठून? मिरजेच्या वाद्यकारांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारे घडवणारे आणि त्यांना धार लावणारे. इंग्रजी अमलात तलवारींची मागणी आटली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब यांनी तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली आणि त्यांच्या घराण्याचे आडनावच 'सितारमेकर' झाले. पात्याला धार देणारी नजर घोडीवरची जवारी काढायलाही कामी आली असावी, असे मला वाटते. घोडीचा माथा केसभर जास्त घासला गेला, तर तार मुकी होते.

पुढे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. १९३७ साली त्यांचे निधन झाले. ख्वाजा शमना मीराँच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उरुसाला तिथे गायन होते. खाँसाहेबांचे नाव सगळ्यांना ठाऊक असते. ज्यांच्या तंबोऱ्यावर असे गवय्ये गायले त्यांची नावे मात्र आमच्या वर्गात कुणी सांगू शकत नाही. मी धानोऱ्याच्या मुलांना हे शिकवतो तेव्हा आदिवासी मुले लगेच पावरीचे नाव घेतात, कारण तिच्यातही भोपळा आहे. मिरज इथून कितीतरी दूर, पण भोपळा त्यांच्या घरचा.

२०२४ साली मिरजेच्या सितारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नाव सुरक्षित होते, पण हात कुणाचा? सुरांची पेटी आता मोबाइलमध्ये आहे, आणि जवारी काढायला शिकण्यात वर्षे जातात. तेवढी वर्षे मुलाने घालवावीत, तर घर कशावर चालवावे, हा त्या गल्लीतल्या बापाचा हिशोब आहे.