सोमल आणि साक्ष : ऑर्फिला यांचे न्यायवैद्यक



ज्याला ना चव, ना वास, आणि ज्याची लक्षणे पटकीसारखी दिसतात, असे विष घालणाऱ्यास एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत फारसे भय नव्हते. सोमल ते हेच. फ्रान्समध्ये त्यास उपहासाने ‘वारशाची पूड’ म्हणत. हे भय प्रथम निर्माण केल्याचे श्रेय मी मुख्यत्वे मातेउ ऑर्फिला यांना देतो.

मिनोर्का बेटावरील माहोन येथे १७८७ साली जन्मलेले ऑर्फिला १८११ मध्ये पॅरिसला वैद्यकाचे पदवीधर झाले. दोन वर्षांनी व्याख्यान देताना, सोमलाची रासायनिक कसोटी पाण्याप्रमाणेच कॉफीतही उतरेल, असे त्यांनी विद्यार्थ्यांस सांगितले आणि तेथल्या तेथे करून दाखवू गेले. साका अपेक्षेप्रमाणे पडेना. दुसरा एखादा शिक्षक विषय बदलून मोकळा झाला असता. ऑर्फिलांनी मात्र पूर्वसूरींची सारी वचने नव्याने तपासावयास घेतली; १८१४ पासून प्रसिद्ध झालेला त्यांचा विषांवरील ग्रंथ हे त्याचे फळ. त्यासाठी कुत्र्यांवर केलेले प्रयोग आज वाचवत नाहीत. विष ओकून पडू नये म्हणून ते त्यांची अन्ननलिका बांधीत.

१८३६ मध्ये जेम्स मार्श या इंग्रज रसायनज्ञाने नवी कसोटी दिली. जस्त आणि गंधकाम्ल यांपासून निघणाऱ्या हायड्रोजनाबरोबर सोमल वायुरूपाने बाहेर येतो. तो वायू पेटवून ज्योतीवर थंड चिनी मातीचा तुकडा धरला की काळा चकचकीत डाग उमटतो. कसोटी अतिसूक्ष्म, आणि धोकाही तेथेच. कारण जस्तात व आम्लातही सोमलाचा अंश असू शकतो. पोटात गेलेला सोमल यकृतादी अवयवांत पसरतो, हे ऑर्फिलांनी १८३९ मध्ये दाखविले.

पुढल्याच वर्षी, १८४० मध्ये, त्यूल येथे मारी लाफार्ज हिच्यावर पतीला विष दिल्याचा खटला उभा राहिला. स्थानिक तज्ज्ञांचे निष्कर्ष परस्परविरुद्ध निघाले, तेव्हा न्यायालयाने ऑर्फिलांस पॅरिसहून बोलाविले. त्यांनी साक्ष दिली की मृतदेहात सोमल आहे. तो वापरलेल्या रसायनांतून आलेला नाही, शवपेटीभोवतीच्या मातीतला नाही, आणि मानवी देहात स्वभावतः असतो तोही नाही. मारीला जन्मठेप झाली. या साक्षीचे पहिले दोन निषेध मला आदर्श वाटतात. तिसरा मात्र विलक्षण आहे, कारण हाडांत सोमल स्वभावतः असतो हे मत ऑर्फिलांनी स्वतःच मांडले होते आणि पुढे स्वतःच मागे घेतले. मारी १८५२ मध्ये सुटली व त्याच वर्षी वारली. तिच्या अपराधाविषयीचा वाद मात्र तिच्याबरोबर संपला नाही.

वडोदरेकरांस या प्रश्नाची ओळख वेगळी करून द्यावयास नको. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप झाला. मुंबईचे रासायनिक विश्लेषक डॉ. ग्रे यांना पेल्यातील गाळात सोमल आणि हिऱ्याची पूड आढळली. परंतु ते घालावयास लावले कोणी? महाराज मल्हारराव यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या सहा सभासदांच्या आयोगात तिघा इंग्रजांनी त्यांना दोषी मानले. ग्वाल्हेर व जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांना आरोप सिद्ध झालेला दिसला नाही. एप्रिल १८७५ मध्ये सरकारने मल्हाररावांस पदच्युत केले, ते विषप्रयोगासाठी नव्हे, तर गैरकारभाराचे कारण देऊन.