आठवा सर्व्हर

कंपनीत प्रकल्प राबवण्याचे नियम लिहायला बसलं की सगळा जोर सुरुवातीवर असतो: मंजुरी कोणाची, बजेट किती, आढावा बैठक कधी. तयार झालेलं काम प्रत्यक्ष चालू करायचं शेवटचं पाऊल मात्र 'पोरं करतील की' या भरवशावर सुटतं. नाईट कॅपिटल ही अमेरिकेतली बडी शेअर दलाल कंपनी १ ऑगस्ट २०१२ ला नेमकी याच पावलाला अडखळली. खालच्या वेळा न्यूयॉर्कच्या आहेत. साडेनऊ तास मिळवले की आपली वेळ.

नऊ वर्षं आधी, २००३
ऑर्डरी बाजारात पाठवणाऱ्या प्रणालीतली 'पॉवर पेग' नावाची, मूळ ऑर्डर पुरी होईपर्यंत छोट्या ऑर्डरी सोडत राहणारी सोय कंपनी वापरेनाशी झाली. कोड मात्र सर्व्हरवर तसाच राहिला.

सात वर्षं आधी, २००५
मूळ ऑर्डरीपैकी किती शेअर मिळाले याचा हिशेब ठेवणारा भाग कोडमध्ये दुसरीकडे हलवला गेला. हा हिशेबच पॉवर पेगला 'पुरे' म्हणून थांबवायचा. हलवाहलवीनंतर पॉवर पेग पुन्हा तपासून पाहिलं गेलं नाही. वापरात नसलेली गोष्ट कोण तपासतो?

दहा महिने आधी, ऑक्टोबर २०११
आपत्कालीन सरावासाठी भरलेली चाचणीची माहिती सराव संपल्यावरही वापरात राहिली. तिच्या आधारे खरे भाव बाजारात गेले आणि जवळजवळ ७५ लाख डॉलरचा फटका बसला. तेवढा दोष दुरुस्त झाला. चुकीच्या ऑर्डरी आणखी कुठून बाहेर पडू शकतील, याचा व्यापक विचार झाला नाही. नियमावली लिहायची वेळ खरं तर हीच होती.

पाच दिवस आधी, २७ जुलै २०१२
न्यूयॉर्क शेअर बाजाराची किरकोळ गुंतवणूकदारांसाठीची नवी योजना १ ऑगस्टला सुरू व्हायची होती. तिच्यासाठी लिहिलेला नवा कोड आठ सर्व्हरवर टप्प्याटप्प्याने चढवायला सुरुवात झाली. या कोडने पॉवर पेगची जागा घ्यायची होती, आणि पूर्वी पॉवर पेग चालू करणारी खूणच आता नव्या सोयीसाठी वापरायची होती.

कोड सात सर्व्हरवर गेला. आठव्यावर न्यायचा राहिला.

या प्रकरणाबद्दल बोलताना लोक कोड चढवणाऱ्या तंत्रज्ञाकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. आठातला एक सर्व्हर कोणाच्याही हातून सुटू शकतो. दुसऱ्या तंत्रज्ञाने काम तपासलं नाही, आणि त्याने ते तपासावंच असं सांगणारी लेखी कार्यपद्धती कंपनीत नव्हती. अमेरिकेच्या बाजार नियामकाने, म्हणजे एसईसीने, पुढे आपल्या आदेशात हे स्पष्ट नोंदवलं. एका ओळीचा नियम पुरला असता.

बुधवार, १ ऑगस्ट, सकाळी ८:०१
कंपनीच्या अंतर्गत प्रणालीतून आपोआप ईमेल निघू लागले. मजकुरात चूक दिली होती: 'पॉवर पेग बंद'. बाजार उघडेपर्यंत असे ९७ ईमेल कर्मचाऱ्यांच्या एका गटाकडे पोहोचले. ते धोक्याचा इशारा म्हणून योजलेले नव्हते, त्यामुळे सहसा कोणी ते उघडून पाहत नसे. हाताशी दीड तास होता.

सकाळी ९:३०
बाजार उघडला. सात सर्व्हरांनी ऑर्डरींवरची ती खूण नव्या अर्थाने वाचली, आठव्याने जुन्या. किरकोळ ग्राहकांच्या काही ऑर्डरी त्याच्या वाट्याला आल्या आणि तो त्यांच्यासाठी छोट्या ऑर्डरी सोडत सुटला. हिशेबाचा भाग जागेवर नव्हता. कळशी भरून वाहू लागली तरी नळाला ते सांगणारं कोणी नव्हतं.

९:३० ते १०:१५
ही पाऊण तासाची कहाणी मला सगळ्यात अस्वस्थ करते. चुकीचे सौदे ज्या खात्यात जमा होत होते, त्याला २० लाख डॉलरची मर्यादा ठरवलेली होती. नियम कागदावर होता! पण तो कुठल्याही स्वयंचलित नियंत्रणाला जोडलेला नव्हता. जोखीम दाखवणारा पडदा माणसाने बघत बसायचा. तो स्वतःहून ओरडत नसे.

अशा वेळी काय करायचं, याचीही लेखी पद्धत नव्हती. मग चालू बाजारात दोषाचा शोध सुरू झाला. नवा कोडच बिघडला असावा, असं समजून तो नीट चालणाऱ्या सातही सर्व्हरांवरून काढला गेला. त्यामुळे येणाऱ्या ऑर्डरींनी आता तिथलंही पॉवर पेग जागं केलं.

यंत्रणा थांबेपर्यंत १५४ कंपन्यांच्या शेअरमध्ये ४० लाखांहून अधिक सौदे झाले होते; शेअर ३९.७ कोटींच्या वर. ८० कंपन्यांत सुमारे साडेतीन अब्ज डॉलरची नको असलेली खरेदी अंगावर होती, आणि ७४ कंपन्यांत सुमारे ३.१५ अब्जांची हाती नसलेल्या शेअरची विक्री.

त्याच दिवशी, पुढे
सौदे रद्द करा, अशी विनंती झाली. २०१० च्या 'फ्लॅश क्रॅश' या बाजाराच्या अचानक घसरणीनंतर सौदे कधी रद्द करायचे याचे निकष ठरले होते. त्यांत बसणारे फक्त सहा कंपन्यांचे सौदे रद्द झाले. एसईसीच्या अध्यक्ष मेरी शपिरो यांनी अपवाद करायला नकार दिला. उरलेला बोजा गोल्डमन सॅक्सने सवलतीच्या भावात उचलला.

गुरुवार, २ ऑगस्ट
कंपनीने ४४ कोटी डॉलरचा तोटा जाहीर केला. एसईसीच्या आदेशात तो आकडा ४६ कोटींच्या वर आहे. मंगळवारी दहा डॉलरच्या आसपास असलेला कंपनीचा शेअर तीन डॉलरच्याही खाली आला.

सोमवार, ६ ऑगस्ट
जेफरीज, ब्लॅकस्टोन, गेटको वगैरेंनी ४० कोटी डॉलर ओतले आणि कंपनी तगली. मालकी मात्र बरीचशी त्यांच्याकडे गेली. जुलै २०१३ मध्ये ती गेटकोत विलीन झाली.

१६ ऑक्टोबर २०१३
एसईसीने १.२ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. शिवाय नियंत्रणं आणि कार्यपद्धती तपासायला एक स्वतंत्र सल्लागार नेमण्याची अट घातली.